तिरक्या देठाची पिंपळी

अंजनगावात शहानूर नदीच्या काठानं पानमळे आहेत आणि त्यांत शिरताना वहाणा बाहेर काढाव्या लागतात. तहसीलदार आला तरी त्यालाही. एकदा एक गोरा साहेब मळा पाहायला आला, त्याचे बूट उतरवायला दोन माणसं लागली, पण उतरवले. देवीदास येऊल ही गोष्ट जन्मभर सांगत आला, आणि दर वेळी सांगताना साहेबाच्या मोज्याला एक भोक वाढत गेलं.

माणूस असाच होता. बोलका, शब्दाला जागणारा, आणि आपण शब्दाला जागतो यावर जरा जास्तच खूश.

नागवेलीची पानं पानमळेवाल्यांच्या त्या आळीत सगळेच काढत. देवीदासच्या मळ्यात मात्र पानांपेक्षा पानपिंपळी जास्त. तिचीही वेलच, शेवरीच्या आधारानं चढणारी, आणि तिला करंगळीच्या पेराएवढी फळं धरतात. हिरवी असतात तोवर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. उन्हात वाळून काळी पडली की वैद्य-हकीम त्यांच्या मागं लागतात. खोकल्याला पिंपळी, दम्याला पिंपळी, बाळंतिणीला पिंपळी.

वाळवण्याआधी फळाचा देठ नखानं खुडावा लागतो. सगळी आळी तो सरळ खुडायची, येऊलांच्या घरात तेवढा तिरका. याचं मूळ देवीदासच्या आईपाशी, तानुबाईपाशी. तिचा अंगठा लहानपणी जात्यात सापडला होता, तेव्हापासून नख तिरकं वाढायचं, म्हणून देठही तिरका तुटायचा. तिची सून मनकर्णाबाई या घरात आली तेव्हा तिची नखं चांगली सरळ होती. पण सासूनं तिला महिनाभर समोर बसवून तिरकं खुडायला लावलं. सासूचं बोट वाकडं म्हणून सुनेनंही नख वाकडं धरायचं, यालाच आपल्याकडे घराणं म्हणतात! पुढं मनकर्णाबाईनं तेच आपल्या एकुलत्या एका लेकीला, शकुनला, शिकवलं. पाच वर्षांची पोर ओसरीवर मायच्या मांडीला मांडी लावून तिरके देठ खुडत बसायची, आणि देवीदास येता-जाता कौतुकानं पाहत राहायचा.

त्या आळीची आणखी एक रीत होती. पिंपळी विका, पानं विका, पण वेल विकायची नाही. लावण्यासाठी कापलेला वेलीचा तुकडा कोणाला द्यायचा नाही, दाखवायचासुद्धा नाही. मळा पाहून निघालेल्या पाहुण्याची पिशवी हसत हसत चाचपली जायची. एकच वाट मोकळी होती. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर वेलीचे पाच तुकडे घालायचे, आणि तिकडे वेल लागली की लेकीनं पहिलं फळ मायकडे धाडायचं. लेकीची ओटी कोणी तपासत नाही. लेकी जायच्या त्या अकोटला नाहीतर पथ्रोटला, पानमळ्यांच्याच घरी, त्यामुळे या रीतीनं कधी कोणाचं बिघडलं नव्हतं.

देवीदास आपला माल छोट्या गाडीनं मुर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोल्याला न्यायचा. तिथं गयासुद्दीनचं जडीबुटीचं दुकान होतं. दोघांच्या बापांचीही दोस्ती होती, त्यामुळे भाव ठरायच्या आधी चहा व्हायचा आणि चहाच्या आधी भांडण. या गयासुद्दीनचा चुलतभाऊ अब्दुल रहीम अरबस्तानातल्या अदनच्या बंदरात दुकान मांडून बसला होता. १९२६ साली त्याचं पत्र आलं, की इकडे पिंपळीला मोठी मागणी आहे, चांगला माल असेल तर कळवा.

"देख देवीदासभाऊ," गयासुद्दीन बोटं पुढं धरून म्हणाला, "परमुलखात माल घुसवाच्या तीन वाटा हायेत. एक, मुंबईच्या दलालाच्या हाती माल दे अन् इसरून जा. दोन, तिथं आपला मानूस बसव. तीन, तिथंच पिकव अन् तिथंच इक."

"तिसरी वाट आपली नाही," देवीदास म्हणाला. "येल वऱ्हाडाबाहेर जात नाही."

"मी कुठं म्हनलं जाते म्हून? वाटा सांगून राह्यलो फक्त. तू पहिलीनं निघ."

पहिल्या वाटेनं निघाले. मुंबईच्या दलालानं माल घेतला आणि अदनला रवाना केला. चार महिन्यांनी अब्दुल रहीमचं पत्र आलं: पोत्यात अर्धी पिंपळी तिरक्या देठाची आहे, ती पाहून इथले हकीम खूश झाले. अर्धी सरळ देठाची आहे, ती बुरशीची, ती समुद्रात फेकावी लागली. आता लोक दुकानात येऊन 'तिरछी' द्या म्हणून मागतात.

दलालानं भेसळ केली याचा संताप करायचा की 'तिरछी'चा आनंद, हे देवीदासला कळेना. शेवटी त्यानं आनंदच केला. पत्र घेऊन घरी आला आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोपुढं उभा राहून ओरडला, "माय, तुह्या अंगठ्याची छाप अदनले गेली वं!" मग सगळ्या आळीला चहा पाजला.

तेव्हापासून आळीतल्या साऱ्या बाया मनकर्णाबाईपुढं शिकायला बसल्या. ज्या तिरक्या नखाची पंचवीस वर्षं टिंगल झाली, ते आता गावाची छाप झालं.

दलाल नको, तर आपला माणूस हवा. आणि माणूस होता घरातच. शकुनचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. जावई भगवंत हा अकोल्यात कापसाच्या एका जिनाच्या कचेरीत कारकून, जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्या, अंगात कोट, बोलण्यात इंग्रजी. जात बारीच, पानमळेवाल्यांची, पण त्याच्या आजोबांनीच मळा विकून टाकलेला. जमीन नाही म्हणून शकुनच्या ओटीत लग्नात नुसते तांदूळ-नारळच पडले होते. मनकर्णाबाईनं तेव्हाच लेकीला सांगितलं होतं, "तुह्यी जमीन होईल तवा येल घेऊन जाजो. तुह्यं देनं राह्यलं हाय माह्याकडं." जावई म्हणजे दहावा ग्रह असं लोक म्हणतात, पण देवीदासला हा जावई म्हणजे घरी आलेला वकीलच वाटायचा. तो बोलायला लागला की देवीदास मान डोलवत बसायचा, कळो न कळो.

भगवंत अदनला जायला एका पायावर तयार झाला. शकुनही बरोबर जाणार म्हटल्यावर मात्र आळीचे वडीलधारे खुशालराव काठी टेकत आले.

"देवीदास, बाईमानसाले समुद्रापार कायले धाडतं? आजवर कोनं धाडलं?"

"काका, जावई एकटा गेला त परका होईल. लेक संगं असली का मानूस आपलाच राह्यते."

"अन् लेकच परकी झाली त?"

देवीदास हसला. आळीसमोर, पंचांसमोर, चार दिवस तो लेकीसाठी भांडला. जातीबाहेर टाका पण पोरीला जाऊ द्या, इथपर्यंत बोलला. कोणाच्या बापानं लेकीसाठी इतकं केलं नसेल, आणि हे मी म्हणत नाही, खुशालराव स्वतः म्हणाले.

१९२९ च्या माघात ती दोघं निघाली. निघायच्या दिवशी मनकर्णाबाई अडून बसली. लेक समुद्रापार चालली आणि ओटी अजून अपुरी! वेलीचे पाच तुकडे घातल्याशिवाय ती शकुनला उंबरठा ओलांडू देईना. देवीदासनं मनाशी विचार केला. अदनचं वर्णन त्यानं अब्दुल रहीमच्या पत्रांत ऐकलं होतं: नुसता खडक, गवताची काडी नाही, प्यायचं पाणीही विकत. तिथं वेल आठ दिवसांत करपून जाईल. रीतही राहील आणि वेलही कुठं जाणार नाही. तो अनवाणी मळ्यात गेला आणि चांगल्या जून वेलीचे पाच तुकडे कापून घेऊन आला.

"बाबा," शकुन म्हणाली, "केळीच्या सोपात ओलं फडकं घालून बांधा. तसे टिकते ते."

"अदनले का मळा करतं का वं?"

"रीत करता त रीतीसारखी करा नं."

खरंच होतं. देवीदासनं केळीच्या खोडाचे ओले सोप सोलून आणले, ओलं फडकं घातलं, सुतळीनं घट्ट बांधलं. गाठी मारताना त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून शेवटची गाठ शकुननंच मारली.

पुढची तीन वर्षं गावाला सोन्याची गेली. अदनहून मागणीवर मागणी. भगवंतची पत्रं सुवाच्य अक्षरात यायची, खाली शकुनच्या दोन ओळी असायच्या: सर्व क्षेम आहे, काळजी नसावी. तिकडून बसऱ्याच्या व्यापाऱ्यांनीही 'तिरछी' मागितली. देवीदास आळीतल्या घराघरात जाऊन सांगू लागला, "पानं काढून टाका, पिंपळी लावा. माह्या लेकी-जावयाच्या भरवशावर लावा." लोकांनी लावली. ज्या मळ्यांत चार पिढ्या नागवेल होती, तिथं ती उपटून पिंपळी चढवली. खुशालरावांनीही अर्धा मळा मोडला. देवीदासच्या शब्दाशिवाय त्यांच्याकडे दुसरा कागद नव्हता.

१९३३ साली मागणी निम्म्यावर आली. भगवंतनं लिहिलं, सगळ्या जगात मंदी आहे, धीर धरावा. शकुनच्या दोन ओळी त्या पत्रात नव्हत्या. पुढच्या हंगामात मागणी आलीच नाही. आळीत प्रत्येक ओसरीवर पिंपळीची पोती थप्पीनं लागली. पानं तर आता नव्हतीच. देवीदास रस्त्यानं निघाला की लोक आधी राम राम घालायचे आणि मग पोत्यांकडे बघायचे. खुशालराव काही बोलत नसत, आणि त्याला तेच सहन होईना. तो सगळ्यांना मंदी समजावून सांगायचा. मंदी म्हणजे काय ते त्यालाही नीट माहीत नव्हतं, पण जावयानं लिहिलं होतं.

१९३४ च्या चैत्रात गयासुद्दीनचं कार्ड आलं: तातडीनं ये. देवीदास दुसऱ्याच दिवशी अकोल्याला पोचला. त्या दिवशी भांडण नाही आणि चहाही नाही. गयासुद्दीननं गल्ल्यामागून एक पोटली काढली आणि पितळी ताटात रिकामी केली.

"ओळख."

देवीदासनं मूठभर पिंपळी उचलली, वास घेतला, दाताखाली एक धरली. "आपलीच हाय. दाना जरा भरला हाय, पन आपलीच."

"तुमची नाही भाऊ. जंगबारची हाय."

गयासुद्दीननं अब्दुल रहीमनं देवीदाससाठी लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. त्यात होतं, की गेल्या दीड वर्षापासून अदनच्या बाजारात 'तिरछी' आफ्रिकेजवळच्या जंगबार बेटावरून येते. तिथं वेलीला पाणी आभाळातून मिळतं, मोट हाकावी लागत नाही, म्हणून भाव तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. मळा तुमच्या भगवंतचाच आहे. तो अदनला एक खोली ठेवून आहे आणि तिथूनच तुम्हाला पत्रं टाकतो. त्यानं मला सांगितलं होतं, की सासऱ्याच्या संमतीनं चाललं आहे. परवा तुमच्या गावचा माल पडून असल्याचं कळलं, तेव्हा शंका आली, म्हणून नमुना धाडतो. मी आधी विचारायला हवं होतं, माफी असावी.

"तेरा जावई चोर निकला," गयासुद्दीन म्हणाला. "मीच अदनचं नाव काढलं होतं. माह्याच तोंडात माती पडो."

देवीदास ऐकत नव्हता. तो ताटातली एकेक पिंपळी उचलून उजेडात धरत होता. प्रत्येक देठ तिरका होता. एकही सरळ नाही. त्यानं आठवून पाहिलं: भगवंत आयुष्यात कधी ओसरीवर खुडायला बसला नव्हता. पिंपळीला हात लावला की बोटं काळी होतात म्हणून तो लांब खुर्चीवर बसायचा. जंगबारच्या मजूर बायांपुढं बसून, त्यांचं बोट हातात धरून, नख कसं वळवायचं हे तो काय शिकवणार? समुद्राच्या पलीकडे ते नख एकाच बाईला होतं.

"जावई नाही, भाई," तो म्हणाला.

"मंग कोन?"

"खुडलेलं पाह्य नं. माह्या शकुननं खुडलं हे."

देवीदासनं पिंपळी परत पोटलीत भरली, एकही दाणा ताटात राहू दिला नाही. "तू तीन वाटा सांगतल्या होत्या," तो उठताना म्हणाला. "तिसरी आपली नाही म्हनलं होतं मी. केळीच्या सोपात मीच बांधून देल्ली."

परतीच्या गाडीत तो मनाची समजूत घालत राहिला. नवऱ्यानं धाक घातला असेल. पोरीला ठाऊकच नसेल की तो माल अदनला जातो. बिचारी परमुलखात एकटी, काय करणार! मुर्तिजापूरला गाडी बदलेपर्यंत त्यानं शकुनला पुरतं निर्दोष केलं होतं, आणि अंजनगाव यायच्या आत तो तिला माफ करूनही बसला होता.

घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. मनकर्णाबाई ओसरीवर, पडून राहिलेल्या पोत्यांना टेकून, यंदाची पिंपळी खुडत होती. विकली जाणार नाही हे ठाऊक असूनही. त्यानं पोटली तिच्यापुढं मोकळी केली. तिनं एक दाणा उचलला आणि तिचं तोंड उजळलं.

"अवो, हे त शकुनच्या हातची!"

"तुले कसं ओळखू आलं?"

ती लगबगीनं उठून देवघरात गेली आणि अन्नपूर्णेच्या मूर्तीखालून एक चिमुकलं गाठोडं घेऊन आली. हळदीच्या फडक्यात एकच पिंपळी होती, जुनी, तिरक्या देठाची.

"हे पाहा नं, असाच भरलेला दाना. तीन वर्स झाले. शालूच्या पत्रात घालून धाडली होती तिनं," मनकर्णाबाई म्हणाली. शालू ही शेजारची, शकुनची बालमैत्रीण. "येल लागली, पह्यलं फळ मायले धाडून राह्यली म्हून लिहलं होतं. मी कोनालेच सांगतलं नाही."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तिनंच लिहलं होतं, बाबाले सांगू नको म्हून."

देवीदास पोत्यांच्या थप्पीवर बसला. गाडीत रचलेलं सगळं त्या एका वाक्यानं पाडलं. बाबाले सांगू नको. म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या फळापासून ठाऊक होतं. मंदीची पत्रं आली तेव्हा, आळी नागवेल उपटत होती तेव्हा, तो घरोघर लेकीचं नाव घेऊन शब्द देत होता तेव्हाही ठाऊक होतं. मायची रीत तिनं पाळली, कारण ती पाळायला सोपी होती. बापाशी मात्र तीन वर्षं खोटं वागली. जिच्यासाठी तो जातीशी भांडला तिनंच. त्याला रडू यायला हवं होतं, पण आला तो नुसता राग, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना, कारण समोर मनकर्णाबाई होती, आणि ती अजून लेकीची वेल लागल्याच्या आनंदातच होती.

"मले का माहीत होतं?" त्याचा चेहरा पाहून ती घाबरून म्हणाली. "पह्यलं फळ मायचंच असते नं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर आळी जमली. बातमी अकोल्याहून आधीच पोचली होती. जो तो भगवंतच्या नावानं बोटं मोडत होता. कुंपणानंच शेत खाल्लं, कोटवाल्यावर भरवसा कोणी ठेवायला सांगितला होता! खुशालरावांनी काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं.

"येल चोरून नेली का कोनं देल्ली, येवढं सांग देवीदास."

'चोरून नेली' म्हटलं असतं तर सुटला असता. सगळ्यांची तीच इच्छा होती. जावई परका, त्याच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि लेकीचं नाव पाराच्या कट्ट्यावर आलं नसतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. शब्दाला जागायची सवय वाईट असते, नको तिथंही जागते.

"मी कापली," तो म्हणाला. "मीच बांधली. मीच लेकीच्या ओटीत घातली."

कोणी शिवी दिली नाही. दंडही कोणी बसवला नाही. खुशालराव एवढंच म्हणाले, "आजपासून कोनाच्या मळ्यात तुले बोलवनं नाही." मग एकेक करून माणसं उठली आणि आपापल्या मळ्याकडे गेली. मळ्याच्या तोंडाशी वहाणांची रांग लागली, दर वर्षी नवी लागण सुरू करताना लागते तशी. यंदा पिंपळी उपटून पुन्हा नागवेल लावायची होती. देवीदास पारावरून पाहत राहिला. आजवर अशा रांगेत त्याची वहाण पहिली असायची.

घरी आला तेव्हा मनकर्णाबाई ओसरीवर खुडत होती. डोळे रडून सुजलेले, पण हात चालूच. तो तिच्यासमोर बसला. ताटातले देठ बघत बसला.

"उद्यापासून सरळ खुडत जा," तो म्हणाला.

तिनं पदरानं नाक पुसलं, एक हिरवी पिंपळी उचलली, अंगठा सावकाश सरळ केला आणि देठाला नख लावलं. देठ तुटला. तिनं तो पाहिला आणि ताटाखाली लपवला. मग दुसरी उचलली. या वेळी तिनं डाव्या हातानं उजवा अंगठा घट्ट धरला, दात आवळले, आणि खुडलं.

तोही तिरकाच तुटला.